वर्गातली प्रीती आणि घरातली भीती

शाळेतल्या प्रेमाच्या मालिका मुलांनी पाहाव्यात की पाहू नयेत, हा प्रश्न हल्ली पालक वारंवार विचारतात. ताप-खोकल्याचे औषध लिहून झाले, की आई खुर्ची जरा पुढे ओढते आणि हळूच म्हणते, "डॉक्टर, हा सारखा मोबाइलवर ती शाळेची मालिका बघत असतो. त्यात नुसती लफडी. याच्या डोक्यावर परिणाम तर नाही ना व्हायचा?" शेजारी बसलेले चिरंजीव त्या वेळी भिंतीवरचे कॅलेंडर मोठ्या एकाग्रतेने वाचत असतात. प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. मुलांच्या मनाच्या आणि शरीराच्या आरोग्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. म्हणून आजचा लेख त्यावर.

यूट्यूबवर 'आठवी-अ' ही मालिका आली, तिच्यामागून 'दहावी-अ' आली. आपल्याच भागातली बोली, ओळखीची वाटावी अशी गावची शाळा, बाक, फळा, मधली सुट्टी. अशा मालिकांचा साचा सर्वांना पाठ आहे. एक मुलगा, त्याला आवडणारी एक मुलगी, तिच्यावर नजर असलेला दुसरा कोणी, आणि दोन्ही बाजूंना शह-काटशह करणारे दोस्त. कधी मुलगा एक आणि त्याच्यासाठी रुसणाऱ्या मुली दोन. मुलांना यात आपलाच वर्ग दिसतो, तर पालकांना आपल्या घरावर येऊ घातलेले संकट दिसते!

परंतु ही गोष्ट काही मोबाइलबरोबर जन्माला आलेली नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातला नववीतला जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर ही आणीबाणीच्या काळातली मुले. सुजय डहाके यांनी पुढे त्यावर चित्रपट केला. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या शालूसाठी झुरतो, आणि त्या दोघांच्या मध्ये जात उभी राहते. आणखी मागे जायचे, तर सांगलीकरांना कोणी वेगळे सांगायला नको. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत पहिले मराठी नाटक उभे केले, ते 'सीता स्वयंवर'. एक कन्या, एक धनुष्य आणि ते उचलायला जमलेले राजे. प्रेम आणि चढाओढ हाच आपल्या रंगभूमीचा पहिला विषय होता. तेव्हा "आमच्या वेळी असले काही नव्हते" हे वाक्य घरात उच्चारण्यापूर्वी थोडा विचार करावा. चिठ्ठ्या तेव्हाही होत्या. त्या भूगोलाच्या वहीत असत, आता मोबाइलमध्ये असतात, एवढाच फरक.

मग नवे काय आहे? ते समजण्यासाठी सांगलीजवळच्या हरिपूरला जावे लागेल. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. पैशाच्या लोभापायी बाप आपल्या कोवळ्या मुलीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो, ही त्याची कथा. त्या काळी मुलगी वयात येण्याच्या आधीच बहुधा सासरी ठरलेली असे. १९२९च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ झाले, १९७८ साली ते १८ आणि मुलाचे २१ झाले. आज शिकणाऱ्या मुलीचे लग्न बावीस-पंचविसाच्या आत सहसा होत नाही, आणि ही अत्यंत आनंदाची गोष्ट आहे.

पण निसर्गाने आपले वेळापत्रक बदललेले नाही. मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान आणि मुलांमध्ये नऊ ते चौदाच्या दरम्यान वयात येण्याचे बदल सुरू होतात. म्हणजे मनात ओढ निर्माण होण्याचा क्षण आणि लग्नाचा मुहूर्त यांच्यामध्ये आता दहा-बारा वर्षांचा काळ आहे. हा काळ आपल्या पणजीला मिळालाच नव्हता. त्यामुळे या काळात मुलामुलींशी कसे बोलावे, कसे वागावे, याची कुठलीच रीत आपल्या घरांत तयार झालेली नाही. डोहाळे कसे पुरवावेत, बारसे कसे करावे, हे सारे आपल्याला ठाऊक आहे. पण चौदा वर्षांच्या मुलीला वर्गातला मुलगा आवडला तर आईने काय म्हणावे, हे कुठल्याच पोथीत लिहिलेले नाही. घर जिथे गप्प बसते तिथे मालिका बोलू लागते. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

शरीरात काय घडते?

या वयात शरीरातली संप्रेरके वेगाने वाढतात. भावना निर्माण करणारा मेंदूचा भाग लवकर जोर धरतो. परंतु विचार करून आवर घालणारा, परिणामांचा अंदाज बांधणारा कपाळामागचा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी उलटून जावी लागते. धरणात पावसाचे पाणी येऊन भरले आहे आणि दरवाजांचे काम अजून चालू आहे, अशी ही अवस्था. म्हणून या वयातला आनंद आभाळाएवढा असतो आणि दुःखही तेवढेच. तिने आज आपल्याकडे पाहिले नाही, एवढ्याने मुलाचे जेवण तुटते. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटते. पण त्याची छाती खरोखर धडधडत असते, भूक खरोखर मेलेली असते आणि झोपही खरोखर उडालेली असते. हे ढोंग नव्हे आणि हा आजारही नव्हे. पौगंडावस्थेचे हे नैसर्गिक लक्षण आहे. कोणी आवडणे म्हणजे मुलगा वाया गेला किंवा मुलगी हाताबाहेर गेली असे नाही, हे प्रथम स्वतःच्या मनाला समजवावे.

चढाओढीचेही तसेच आहे. या वयात मुलाला आईबापांपेक्षा बरोबरीच्यांचे मत मोठे वाटते. आपल्या गटात आपली किंमत काय, हा त्याच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो. त्यातून एकाच मुलीवरून दोन दोस्तांची मारामारी होते. एखाद्या मुलीबद्दल मैत्रिणीच भलतेसलते पसरवतात. एखाद्याचा फोटो मोबाइलवर फिरवून त्याची टर उडवली जाते. सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखणारी आणि रविवारी ठणठणीत असणारी मुले आम्हा डॉक्टरांना नवीन नाहीत. अशा पोटदुखीवर जंताचे औषध देऊन भागत नाही, "वर्गात कोणी त्रास देतंय का?" हे विचारावे लागते.

इथे पालकांनीही थोडे आत्मपरीक्षण करावे. "शेजारच्या पोरीला बघ, पंच्याण्णव टक्के पडले," हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू येते, त्या घरातले मूल चढाओढ मालिकेतून शिकले असे म्हणता येईल का? दहावीचे वर्ष आले, की अख्खे घर शर्यतीला जुंपलेल्या बैलासारखे धावू लागते. त्यातच मन कुठेतरी गुंतलेले. हा दुहेरी ताण पंधरा-सोळा वर्षांच्या जिवाला जड जातो.

मालिकांचे कुठे चुकते?

मालिका सरसकट वाईट असतात असे मला वाटत नाही. गावाकडची मुले, त्यांची बोली, त्यांची लाजरी माया पडद्यावर येते, यात आनंदच आहे. शहरातल्या चकचकीत कॉलेजपेक्षा ती बरी. तरीही अशा प्रेमकथांत काही गोष्टी वरचेवर दिसतात आणि त्या घातक आहेत.

पहिली गोष्ट, पाठलाग. मुलगा सायकलवरून मुलीच्या मागे घरापर्यंत जातो आणि मागे गोड संगीत वाजते. प्रत्यक्षात मागे कोणी येत असले, की त्या मुलीच्या कानात संगीत वाजत नाही, तिच्या पोटात गोळा येतो. मग ती रस्ता बदलते, नंतर क्लास सोडते, शेवटी घरचेच तिची शाळा सोडवतात. मुलगी नको म्हणत असताना तिचा पाठलाग करणे हा २०१३ सालापासून कायद्याने स्वतंत्र गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट, नकार. कथेतली नायिका आधी नाही म्हणते आणि चार भागांनंतर हो म्हणते. त्यावरून मुले असा धडा घेतात, की नाही म्हणजे अजून थोडा प्रयत्न करायचा. नाही म्हणजे नाही, आणि नकार मिळाला म्हणून आपली इज्जत जात नाही, हे आपल्या मुलांना कोणी सांगितलेले नसते. मुलीला जपून राहा असे शंभर वेळा सांगणारे घर मुलाला एकदाही बसवून हे सांगत नाही.

तिसरी गोष्ट, मुलगी म्हणजे जिंकायचे बक्षीस. दोघे लढणार आणि जो जिंकेल त्याची ती. तिला काय हवे हे विचारायचे कोणाला सुचत नाही. स्वयंवर या शब्दाचा अर्थ स्वतः वर निवडणे असा आहे, हे सांगलीच्या पहिल्या नाटकाच्या निमित्ताने आठवावे.

शिवाय रात्रीच्या जागरणाचा मुद्दा आहेच. एक भाग संपला की दुसरा, मग तिसरा. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. ती पाच-सहा तासांवर आली, की चिडचिड वाढते, स्मरणशक्ती मंदावते आणि लहानसे दुःखही मोठे वाटू लागते. मोबाइल रात्री उशाशी न ठेवता स्वयंपाकघरात ठेवावा. हा नियम सर्वांना सारखा, वडिलांनाही!

भीतीने होणारे नुकसान

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मालिकेमुळे मुलांचे जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान घरातल्या भीतीमुळे होते. दप्तरात चिठ्ठी सापडते किंवा मोबाइलवर निरोप दिसतो. मग मुलाला पट्ट्याने मार बसतो. मुलीचे दप्तर खुंटीला लागते, मोबाइल काढून घेतला जातो, आणि "काही भलतेसलते व्हायच्या आत उरकून टाका" म्हणून नात्यातले स्थळ पाहिले जाते. चिठ्ठीची शिक्षा लग्न!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचातली एक. गरिबी, ऊसतोडीचे स्थलांतर, हुंडा अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. पण "पोरीचे पाऊल घसरेल" ही भीतीही त्यांतले एक मोठे कारण आहे. अशा कोवळ्या वयात दिवस गेले, की रक्तक्षय, रक्तदाब, अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण आणि कमी वजनाचे मूल हे धोके वाढतात. वर्गातल्या मुलाकडे पाहून हसली म्हणून जिची शाळा सुटली, तिच्या तब्येतीची किंमत पुढे दोन पिढ्या मोजतात.

सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. जोतीरावांचे मूळ गाव कटगुणही याच जिल्ह्यातले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, तो गोरगरिबांच्या मुलांच्या हाती पाटी यावी म्हणून. अशा मातीत एका चिठ्ठीपायी मुलीची शाळा सुटावी, ही आपणा सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे.

भीतीचे याहून भयंकर टोक 'सैराट'ने २०१६ साली दाखवले. तो शेवट पाहून थिएटरमध्ये सारे सुन्न होऊन बसत. पण जात आणि घराण्याची अब्रू यांपायी पोटच्या लेकरावर हात उचलण्याची वृत्ती काही सिनेमावाल्यांनी शोधून काढलेली नाही. ती समाजात होती, म्हणून पडद्यावर आली.

घरोघरी एक नरूमामा हवा

'शाळा'तल्या जोशीला नरूमामा आहे. हा मामा त्याच्याशी बरोबरीने बोलतो, त्याचे ऐकून घेतो, थट्टा करतो पण टर उडवत नाही. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, की प्रत्येक मुलामुलीला असा एक मोठा माणूस हवा. तो मामा असेल, आत्या असेल, मावशी, थोरली वहिनी किंवा शाळेतल्या एखाद्या बाई असतील. आईवडीलच तसे झाले तर सोन्याहून पिवळे.

"बोललो तर पोरांना उत्तेजन मिळेल," अशी शंका काहीजण घेतील. ती जुनीच आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयांवर उघड लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली होती. आज युनेस्कोसारख्या संस्थेने जगभरचे अभ्यास तपासून २०१८ साली स्पष्ट सांगितले आहे, की शरीर आणि नातेसंबंध यांविषयी योग्य माहिती दिल्याने मुले लवकर वाहवत जात नाहीत. अज्ञानापेक्षा माहितीच त्यांना सांभाळते.

बोलायचे कसे? मालिकाच त्यासाठी निमित्त म्हणून वापरावी. आठवड्यातून एखादा भाग मुलांबरोबर बसून पाहावा. पाहताना प्रवचन नको. संपल्यावर सहज विचारावे, "त्या पोरानं तिला सगळ्यांसमोर अडवलं, ते तुला बरोबर वाटलं का?" किंवा "तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस, बाळ?" मुले पडद्यावरच्या पात्राबद्दल मोकळेपणी बोलतात, आणि त्यातूनच स्वतःबद्दल बरेच सांगून जातात. मूल आपण होऊन काही बोलले, तर पहिली पाच मिनिटे फक्त ऐकावे. "कोण आहे ती? कुणाची? कुठल्या जातीची?" अशी सरबत्ती झाली, की ते दार कायमचे बंद झाले असे समजावे.

ऐकल्यावर मर्यादाही जरूर सांगाव्यात. प्रेमळ घर म्हणजे मोकाट घर नव्हे. आवडणे हा गुन्हा नाही, पण अभ्यास सुटता कामा नये. एकांतात भेटणे, घर सोडून जाण्याच्या गोष्टी करणे, फोटो पाठवणे याला साफ नाही. आणि कायदा काय म्हणतो तेही समजावून सांगावे. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाची अथवा मुलीची शरीरसंबंधाला संमती कायदा संमती मानत नाही. "तिची इच्छा होती" हे उत्तर तिथे चालत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या कित्येक मुलांना हे ठाऊकच नसते, आणि ठाऊक होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. बालविवाह लावून देणाऱ्यांनाही २००६च्या कायद्याने शिक्षा आहे. गावात ग्रामसेवक हा त्यासाठी नेमलेला प्रतिबंध अधिकारी असतो, आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?

चार दिवस तोंड पाडून बसणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवडे उलटूनही जेवण आणि झोप रुळावर येत नसेल, मूल दोस्तांनाही टाळत असेल, शाळेचे नाव काढताच रडत असेल, अंगावर स्वतः करून घेतलेल्या जखमा दिसत असतील, किंवा "मी नसलेलेच बरे" अशी भाषा तोंडी येत असेल, तर त्याला नाटक म्हणून झटकू नये. शेतीच्या घरांत कीटकनाशके कुलपात ठेवावीत. मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे मुलाला सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे; उलट कोणीतरी विचारले म्हणून जीव हलका होतो. त्याला एकटे न सोडता डॉक्टरांकडे आणावे. १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालवण्याची योजना आहे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी त्याची चौकशी करावी.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. सापडलेली चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचू नये. त्या एका मिनिटाच्या हशात एखाद्या मुलीची शाळा कायमची सुटते. चिठ्ठी खिशात ठेवावी, दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि घरी कळवावे लागले तर आधी त्या घराचा स्वभाव ध्यानात घ्यावा.

मालिका बंद करणे सोपे आहे. एक बटण दाबले की झाले. पण मुलाच्या मनात सुरू झालेली गोष्ट बटणाने बंद होत नाही. ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि ऐकायला घरचे कोणी नसले, तर तो बाहेरचा कोणी शोधतो. तो बाहेरचा कसा असेल, याची खात्री देता येत नाही. तेव्हा येत्या रविवारी जेवणे आटोपली, की मुलांच्या शेजारी जाऊन बसावे आणि एवढेच म्हणावे, "काय बघतोस रे? मलाही दाखव."